विल्फनं घातलेली बंदी

...नाही, पण मी म्हणतो, मेलेल्या माणसानं मेल्यासारखं वागावं की नाही? एवढीच अपेक्षा आहे हो! आम्ही काय कमी केलं त्याचं? चांगली ओकच्या लाकडाची पेटी आणली, पाद्रीबाबांनी दोन भाषांत प्रार्थना म्हटल्या, एक आमच्या आज्यांच्या युक्रेनी भाषेत, जी आता आमच्यात कुणाला कळत नाही, आणि एक इंग्रजीत, जी पाद्रीबाबांना येत नाही. मार्चमधली जमीन दगडासारखी गोठलेली, तिला यंत्र लावून खड्डा खणला, वर माती लोटली, मग चर्चच्या तळघरात बसून कोबीच्या पानात गुंडाळलेला भात खाल्ला, रडलो, नाकं शिंकरली, आपापल्या घरी गेलो. संपलं! मेला माणूस! आता यापुढे त्यानं काय करायचं? पडून राहायचं! बस्स! पण नाही... विल्फ कोवालचुकनं जिवंतपणी कधी कुणाचं ऐकलं नाही, तो मेल्यावर ऐकणार होय?

तुम्हाला सांगतो, आम्ही चौघं. मी ओरेस्ट, धान्याच्या कोठारावर जन्म काढला, आता घरी बसून बायकोच्या शिव्या खातो. दुसरा गार्नेट फ्रीझन, शेतकरी, देवभोळा, शिंकला तरी देवाची क्षमा मागणारा. तिसरा लाइल थोरवाल्डसन, सहा फूट उंच, चेहरा लाकडाचा, आणि कान... कान नावालाच. गावच्या गिरणीत आयुष्य गेलं, गिरणीनं कान खाल्ले. आणि चौथा विल्फ. आमच्या हॅझलडेन गावात पिकं निघाली, शेतं मोकळी झाली, गवतावर हिवाचा पांढरा थर धरला, की उत्तरेकडून रानहंस उतरतात. हंस म्हटल्यावर कमळाशेजारी मान वाकवून बसलेला गोरापान, शहाणा, दूध पिऊन पाणी टाकणारा असा कुणी डोळ्यांपुढे आणू नका हं! आमचा हंस राखाडी, मान काळी, गालावर पांढरा पट्टा, आवाज बिघडलेल्या भोंग्यासारखा आणि स्वभाव सासऱ्यासारखा. आकाश काळं होतं त्यांनी! आणि ते आकाशात आले की आम्ही चौघं शेतात आडवे.

आडवे म्हणजे खरोखरच आडवे! रानहंस काय मूर्ख आहे? शेतात चार म्हातारे बंदुका घेऊन उभे दिसले तर तो खाली उतरेल का? म्हणून मग प्रत्येकाची एकेक कापडी पेटी असते, जमिनीलगत, वर दोन झडपा, त्यावर पेंढा खोचायचा, आणि माणसानं आत उताणं निजायचं, छातीवर बंदूक, नाक तेवढं बाहेर. माझी बायको झेनिया एकदा बघायला आली. बघितलं तिनं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "सवय करून घेताय का रे?" बरोबरच आहे तिचं! थडग्यात आणि आमच्यात फरक एवढाच की थडग्यात थर्मासमधली कॉफी नसते.

तर पेट्या मांडायच्या, सभोवती लाकडाचे, प्लॅस्टिकचे खोटे हंस मांडायचे, आणि मग विल्फ पुंगी वाजवायचा. हे महत्त्वाचं! पुंगी विल्फचीच! स्वतः कोरलेली, रानचेरीच्या लाकडाची, बोटाएवढी. त्याचा पुढचा दात तरुणपणी हॉकी खेळताना बर्फावर पडला तो पडलाच, त्यामुळे आवाजाच्या शेवटी हवा सुटायची. "होंऽऽक... होंऽऽक... फिस्स!" सबंध सस्कॅचेवान प्रांतात असा आवाज दुसऱ्या कुणाचा नाही. दोनच सूर होते त्याचे. एक हा लांबचा, म्हणजे हंसांच्या भाषेत "अहो, इकडे, इकडे या!" आणि ते जवळ आले, घिरट्या घालायला लागले, उतरू की नको असं त्यांचं झालं, की मग दुसरा, अगदी हळू, पोटातून, "गुक-गुक-गुक-गुक..." म्हणजे "बसा हो, काही भीती नाही, सगळी आपलीच माणसं." आणि हंस बसायचे! तो आवाज ऐकून मलासुद्धा बसावंसं वाटायचं! मग विल्फ म्हणणार, "घ्या, पोरांनो!" तोपर्यंत कुणी उठायचं नाही. हा नियम. विल्फचा नियम म्हणजे दगडावरची रेघ.

आता गंमत ऐका... गंमत कसली, कर्म! गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात विल्फ म्हणाला, "थांबा!" आणि लाइलला ऐकू आलं, "घ्या!" झालं! हा सहा फुटी खांब झडप उघडून उभा राहिला आणि धाडकन बार! विल्फच्या टोपीवरून गेला हो छर्रा! टोपी उडाली! हंस गेले, आकाश रिकामं झालं, आणि विल्फ तसाच उताणा, पांढराफटक, दोन्ही हातांनी डोकं चाचपतोय, आहे का म्हणून. मी तर मनात म्हटलं, गेला. मग तो उठला. सावकाश टोपी उचलली. आणि असा ओरडला, असा ओरडला की लाइललासुद्धा पहिल्या फटक्यात ऐकू आलं. "बहिऱ्या! आजपासून तू माझ्या शेतात पाय ठेवायचा नाहीस! बंदी! तुला बंदी!" खरं तर शेत गार्नेटचं. पण त्या वेळी कोण बोलणार? लाइलनं बंदूक खाली ठेवली. माफी मागायला तोंड उघडलंही असेल त्यानं. पण आमच्या गावातली माणसं! बर्फ वितळेल, तोंड उघडणार नाही. तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे. नाही येत." आणि गेला.

त्यानंतर अबोला. आता तुम्हीच सांगा, बहिऱ्या माणसाशी अबोला धरायचा कसा? लाइलला आठवडाभर कळलंच नाही की विल्फ बोलत नाहीये! कळल्यावर मग त्यानंही धरला. सबंध हिवाळा हे दोघं गावातल्या चिनी हॉटेलात एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसायचे, कारण दुसरं टेबल खिडकीजवळ, तिथे वारा लागतो. "गार्नेट, त्याला सांग, मीठ सरकव." "गार्नेट, त्याला सांग, हात पुरतो त्याचा." आणि मध्ये गार्नेट घाम पुसतोय, "विल्फ म्हणतो मीठ... लाइल म्हणतो हात... देवा, क्षमा कर." आम्ही हसायचो. वाटायचं, वसंत येईल, मासे धरायला जातील दोघं, मिटेल. आणि मार्चमध्ये विल्फ स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून बूट घालत होता, एक बूट घातला, दुसरा हातात, आणि गेला. डोरीन, त्याची बायको, म्हणत होती, "ओरेस्ट, मी त्याला विचारलं, अंडी कशी करू, आणि तो काही बोललाच नाही. मला वाटलं, रागावलाय."

अंत्यविधीला सगळं गाव. लाइल आत आला नाही. चर्चच्या बाहेर पिकअपमध्ये बसून राहिला, इंजिन चालू ठेवून, पहिल्या प्रार्थनेपासून शेवटच्या ढेकळापर्यंत. खिडकीच्या काचेतून दिसत होता, समोर बघत बसलेला. पेटी बंद करण्याआधी डोरीननं ती रानचेरीची पुंगी विल्फच्या कोटाच्या वरच्या खिशात ठेवली. मी होतो तिथे! गार्नेट होता! आमच्या डोळ्यांदेखत ठेवली, वरून थोपटली, मग झाकण लागलं, खिळे बसले. हे मी का सांगतोय? कारण तुम्ही उद्या म्हणाल, ओरेस्ट, पुंगी कुणीतरी चोरली असेल, कुणीतरी चेष्टा केली असेल... नाही हो! पुंगी जमिनीखाली आहे! तिथेच राहायला पाहिजे! मेलेल्या माणसानं मेल्यासारखं वागावं आणि पुरलेल्या पुंगीनं पुरल्यासारखं, एवढं तरी जगात धरून चालायचं की नाही?

बरं. आला ऑक्टोबर. गार्नेटच्या वाटाण्याच्या शेतात, काढणीत सांडलेले दाणे वेचायला, हंस उतरायला लागले. मी म्हटलं, यंदा नको. गार्नेट म्हणाला, "असं कसं? विल्फला काय वाटेल?" मी म्हटलं, विल्फला काही वाटणार नाही, तो मेलाय! तेव्हा मला असंच वाटत होतं. भोळा होतो. मग आम्ही लाइलकडे गेलो. तो अंगणात लाकडं फोडत होता. गार्नेट ओरडून म्हणाला, "लाइल, शनिवारी येतोस ना?" लाइलनं कुऱ्हाड ठेवली.

"मला बंदी आहे."

"अरे लेका, बंदी घालणारा मेला की!"

"म्हणून काय झालं? उठवली कुठे त्यानं?"

आता याला काय उत्तर आहे? सांगा ना! हा पुन्हा लाकडं फोडायला लागला. एक ओंडका, दुसरा ओंडका... मग आमच्याकडे न बघताच म्हणाला, "बंदूक आणणार नाही. हंस मांडायला येईन. मांडेन आणि पिकअपमध्ये जाऊन बसेन." पुन्हा पिकअप! म्हटलं, बस बाबा, कुठेही बस, पण ये.

शनिवारी उजाडलं तेच धुक्यात. धुकं म्हणजे कसं? मी माझा हात पुढे केला तर मनगटापर्यंत माझा, पुढचा कुणाचा ते सांगता येईना! शेताच्या पलीकडे एक तळं आहे, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, खाली मात्र चिखल, गाय गेली तर दोरानं ओढायला लागते, तेही दिसेना. आवाज पण कसे... मऊ. गार्नेट शेजारी बोलतोय तर वाटे उशीखालून बोलतोय. आम्ही खोटे हंस मांडायला लागलो आणि भांडण! मी म्हणतोय, अर्धा गोल. गार्नेट म्हणतोय, "विल्फ घोड्याच्या नालासारखे मांडायचा." अरे, नाल म्हणजे अर्धा गोलच की! "नाही, विल्फचा नाल वेगळा." मेल्यावरही याचंच! आणि लाइल काही न बोलता पेट्या उघडतोय. एक, दोन, तीन... आणि चौथी. सवयीनं, हो! हात आपले चालत होते त्याचे. चौथी पेटी विल्फच्या जागी लावली, टोकाला, झडपा नीट केल्या, पेंढा खोचला, आणि मग थबकला. कळलं त्याला. आम्हालाही कळलं. कुणी काढ म्हटलं नाही. तिसरी त्याची स्वतःची, तीही लागलेली. गार्नेट हळूच म्हणाला, "आता लावलीच आहेस तर पड की लाइल. बंदूक नाही ना? मग बंदी कसली?" लाइलनं जरा विचार केला. कानातलं यंत्र दमट हवेत शिट्या मारायला लागलं होतं, ते काढून त्यानं पिकअपमध्ये ठेवलं, आणि आला, आणि पडला.

झालो आम्ही आडवे. डावीकडे रिकामी पेटी, मग लाइल, मग मी, मग गार्नेट. धुकं नाकात जातंय. वाट बघतोय. कशाची? पुंगी कोण वाजवणार याचा विचारच कुणी केला नव्हता! गार्नेटनं दुकानातून एक प्लॅस्टिकची आणली होती, ती त्यानं फुंकली तर "पीऽऽप" असा कोंबडीच्या पिल्लावर पाय पडल्यासारखा आवाज. मी हसलो. ते हसू तोंडातच राहिलं.

कारण तेवढ्यात... "होंऽऽक..."

लांबून. धुक्यातून.

"होंऽऽक..."

आणि मी मनातल्या मनात म्हणतोय, आता नको, आता नको, शेवट नको, देवा, एखादा साधा हंस असू दे...

"...फिस्स."

तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावरचे केस, जे आता फक्त कानात आणि भुवयांवर उरलेत, तेसुद्धा उभे राहिले! गार्नेट कुजबुजला, "ओरेस्ट... तू केलंस?" मी म्हटलं, माझ्याकडे पुंगी कुठाय? "मग मी केलं का?" अरे, तुला माहीत नाही तू केलंस का? "मला आता काहीच माहीत नाही!" आणि प्रार्थना सुरू, पण घाबरून जेवणाआधीची म्हणायला लागला, "या अन्नाबद्दल, प्रभो..." आणि त्या गडबडीत डावीकडून लाइलचा आवाज आला, अगदी शांत.

"ओरेस्ट. विल्फ वाजवतोय."

मी म्हटलं, हो रे, मलाही... आणि गप्प झालो. गार्नेटची प्रार्थना पण थांबली. कारण, अहो, लाइलचं यंत्र पिकअपमध्ये! यंत्र नसलं तर या माणसाला मागून येणारी मालगाडी ऐकू येत नाही! मी त्याच्याकडे मान वळवून ओरडलो, अगदी ओरडलो, लाइल, तुला ऐकू येतं? तो नुसता वर बघत पडलेला. माझं ओरडणं त्याला ऐकू आलंच नाही. पुन्हा धुक्यातून ते "होंऽऽक... होंऽऽक... फिस्स" आलं, आणि त्यानं मान डोलावली. माझं ऐकत नाही, आणि मेलेल्याचं ऐकतोय! ही काय रीत झाली? शेजारी जिवंत माणूस बोंबलतोय त्याची किंमत नाही?

आणि मग तो उठला. झडपा बाजूला केल्या आणि चालायला लागला, आवाजाच्या रोखानं, सरळ. आणि आवाज कुठून येत होता? तळ्याकडून! चिखलाकडून! मी म्हटलं, गार्नेट, ऊठ, हा बुडतोय! आता पेटीतून उठायचं म्हणजे या वयात काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं, आधी एका कुशीवर, मग गुडघा, मग दुसरा गुडघा, मग देवाचं नाव, मग पहिला गुडघा पुन्हा खाली! बंदुका पेटीतच राहिल्या. आम्ही दोघं धुक्यात, एकमेकांची कोपरं धरून, दोन आंधळ्या म्हशींसारखे, "लाइल! अरे लाइल!" ओरडत. ओरडून उपयोग काय? बहिऱ्याला हाका! पण तोंड बंद ठेवलं तर ती शांतता ऐकू यायची, आणि ती नको होती मला.

सापडला. तळ्याच्या काठाशी, जिथे धसकटं संपतात तिथे, बुटांखाली चिखल पचपच करतोय, आणि तो उभा. त्याच्या पुढ्यात गवतात एक हंस. एकटा, म्हातारा दिसत होता, पंख जरा लोंबता, आमच्याकडे बघत होता. माझा जीव भांड्यात पडला हो! गार्नेट तर हसायलाच लागला, "हा बघ! हा ओरडत होता! आवाज बसलाय बिचाऱ्याचा, म्हणून फिस्स! देवा, तुझी करणी!" मीही हसलो, म्हटलं, चला, मेलेला माणूस मेल्यासारखा वागतोय, उगाच बिचाऱ्यावर आळ घेतला. जगात म्हणे काही ठिकाणी माणूस मेला की दुसऱ्या कशाचा तरी जन्म घेऊन परत येतो, पण आमच्या हॅझलडेनला ती सोय नाही, एकदा गेला की वर नाहीतर खाली, मध्ये हंस-बिंस काही नाही! असं मी म्हणतोय, त्या हंसाकडे बघतोय, त्याची चोच घट्ट मिटलेली... आणि "होंऽऽक... होंऽऽक... फिस्स."

मागून. आम्ही आलो तिकडून. पेट्यांकडून.

हंसानंसुद्धा तिकडे मान वळवली! शपथ घेतो! त्याला ऐकू आलं! गार्नेट मटकन चिखलातच बसला. आणि लाइल वळला, हळूहळू, टोपी काढली, छातीशी धरली. इतका वेळ जो चेहरा लाकडाचा म्हणून सांगत होतो ना तुम्हाला, तो... जाऊ दे. तो बोलायला लागला. बहिरी माणसं मोठ्यांदा बोलतात, तसा मोठ्यांदा, धुक्याकडे बघून.

"विल्फ! मला 'घ्या' ऐकू आलं होतं! खरंच! तू 'थांबा' म्हणालास ते मला नाही ऐकू आलं!"

काही नाही. गवतावरून पाणी ठिबकतंय.

"मी सांगायला येणार होतो. रोज येणार होतो. तू मीठ मागायचास तेव्हा सांगणार होतो. तुझ्या मातीला पण मी आत आलो नाही, मला वाटलं, तू म्हणशील बंदी आहे, तर आत कशाला आलास... विल्फ! बंदी उठली का रे?"

मला सांगा, अशा वेळी माणसानं कुठे बघायचं? मी माझ्या बुटांकडे बघितलं. मी म्हटलं, आता याला उत्तर मिळणार नाही, हा इथेच उभा राहणार, मेलेल्या माणसाचं उत्तर कुठून येणार, आणि याला घरी कसं न्यायचं... आणि तेव्हा आलं. मोठा सूर नाही. तो दुसरा. अगदी हळू, पोटातून, धुक्याच्या आतून.

"गुक-गुक-गुक-गुक..."

बसा हो. काही भीती नाही. सगळी आपलीच माणसं.

लाइल बसला. जिथे होता तिथे, वाटाण्याच्या धसकटांत, टोपी मांडीवर, आणि रडायला लागला, पण कसा, तर हसल्यासारखा. मीही बसलो. गार्नेट आधीच बसलेला होता. आणि तुम्हाला सांगतो, वरून पंखांचा आवाज आला, धुकं हललं, आणि हंस उतरायला लागले! एक नाही, दोन नाही, थवाच्या थवा! आमच्याभोवती! तीन म्हातारे उघड्यावर, ना पेटी, ना पेंढा, ना बंदूक, आणि हे पाय पुढे करून धपाधप उतरतायत, आमच्याकडे बघतायत आणि दाणे वेचतायत! जन्मभर आम्ही जमिनीत तोंड घालून लपलो, तेव्हा हे आम्हाला कोसावरून ओळखायचे. एक तर माझ्या पायावरून चालत गेला! बुटाची नाडी ओढून बघितली त्यानं! आम्ही हललो नाही. किती वेळ, कुणास ठाऊक. मग धुकं विरलं, ऊन आलं, आणि ते सगळे एकदम उठले, असा गलका करून की कानठळ्या बसल्या. आम्ही पेट्यांपाशी आलो. टोकाची पेटी बघायची कुणाची छाती होईना. शेवटी लाइलनंच झडप उचलली. आत काही नव्हतं. पेंढा होता. मग काय असणार होतं? मीच मूर्ख, घाबरत बसलो.

मग डोरीनकडे. दरवर्षी पहिल्या शिकारीनंतर तिच्याकडे जेवायला जायचा रिवाज. भट्टी तापवून ठेवलेली बाईनं. आम्ही तिघं दारात, हात हलवत, चिखलानं माखलेले. तिनं आमच्या मागे बघितलं.

"हंस?"

"नाही मिळाला."

"एकसुद्धा?"

"दिसले पुष्कळ," गार्नेट म्हणाला. देवभोळा, खोटं बोलता येत नाही त्याला.

मग तिला लाइल दिसला, गार्नेटच्या मागे, दारातून आत येऊ की नको करत. तिनं कपाटातून एक जादा ताटली काढली, विल्फच्या खुर्चीपुढे मांडली, आणि म्हणाली, "बूट काढ लाइल, नुकतीच फरशी पुसलीये." बस्स. अंडी केली तिनं, आणि बटाटा भरून उकडलेल्या, कांद्यावर परतलेल्या कणकेच्या पिरोगी. शेवटी मला राहवेना, मी म्हटलं, डोरीन... ती पुंगी... तू खरंच खिशात ठेवली होतीस ना?

"तुमच्यासमोर ठेवली. का रे?"

"काही नाही. सहज."

तिनं तवा खाली ठेवला. हात पुसले. आमच्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघितलं.

"म्हणजे तुम्हालाही ऐकू येते?"

गार्नेटच्या घशात पिरोगी अडकली! मी त्याच्या पाठीत बुक्के मारतोय आणि ही शांतपणे सांगतेय, "उन्हाळाभर मागच्या पायऱ्यांवर बसून वाजवायचा. रोज सकाळी. आधी बरं वाटायचं रे. मग डोकं उठायला लागलं. गेल्या आठवड्यात मी दार उघडलं आणि म्हटलं, विल्फ, माझं काय काम आहे तुझ्याकडे? मला माहीत आहे तुला कुणाशी बोलायचंय ते. जा शेतात आणि बोलून ये, इथे माझं डोकं खाऊ नकोस!"

म्हणजे तिनं पाठवला! आमच्याकडे! मी म्हटलं, बाई, मेलेल्या माणसाला मेल्यासारखं वागायला सांगायचं की असं कामाला लावायचं? तर म्हणते, "चाळीस वर्षं संसार केलाय. घरात बसला की मला त्रास, हे जिवंत असतानाही असंच होतं."

लाइल विल्फच्या खुर्चीवर बसून जेवत होता. यंत्र कानात नव्हतं. मला वाटलं, त्याला यातलं काही कळलं नाही. पण त्यानं ताटली पुसली, मान वर केली आणि डोरीनला म्हणाला, "उठवली त्यानं बंदी." ती म्हणाली, "कळलं मला. आज सकाळी पायऱ्यांवर कुणी नव्हतं." आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, बराच वेळ, तवा घासत. तो तवा मघाशीच घासून झाला होता.

आता तुम्ही म्हणाल, चला, छान झालं, बंदी उठली, विल्फ सुटला, लाइल सुटला, संपली गोष्ट. अहो, संपली असती तर मी रडत कशाला बसलो असतो? विल्फ सुटला नाही! तो त्या शेतात रमलाय! आणि लाइल... लाइलला आता दुसरं काही सुचत नाही. जगात त्याला यंत्राशिवाय एकच आवाज ऐकू येतो, तो कसा सोडेल? रोज सकाळी त्याचा पिकअप माझ्या दाराशी, भोंगा, झेनियाची झोपमोड, माझ्या नावानं खडे, आणि मी कोट चढवतोय. बंदुका विकून टाकल्या आम्ही. शिकार नाही, काही नाही! नुसतं जायचं, पेट्यांत आडवं व्हायचं आणि ऐकायचं. गुडघ्यात थंडी शिरते, कमरेचा पार चुराडा झालाय. एकदा मी म्हटलं, लाइल, उद्या नको रे, उद्या मला बरं नाही. तो म्हणाला, "विल्फला काय सांगू?" काय सांगू! गेलो.

आणि जाऊन ऐकतो ना, धुकं असलं की ते "गुक-गुक" येतं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. पण तुम्हाला सांगतो, तक्रार आहे ती आहेच. जिवंत होता तेव्हा हा माणूस निदान रविवारी चर्चला जायचा हो... रविवारी तरी सुट्टी मिळायची!